नवरीची शेवटची कात

शिलाईवाल्या काकूंच्या घरात शिरलं की डाव्या हाताला शिलाईचं मशीन आणि उजव्या हाताला किड्यांची खोली. मधल्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये गिऱ्हाइकाने उभं राहायचं, पँट द्यायची, उंची किती कमी करायची ते सांगायचं आणि उजवीकडे न बघता निघून जायचं, अशी काकूंची अपेक्षा असायची. लोक बघायचेच. बघून नाक मुरडायचे, आणि नाक मुरडत मुरडत आणखी जरा वेळ बघायचे.

खोलीतला संसार काकांचा. काका म्हणजे काकूंचे यजमान. गल्ली त्यांना दातवाले काका म्हणायची, कारण कामावर होते तोवर त्यांनी कवळ्या बनवल्या. डॉक्टरकडून तोंडाचं माप यायचं, काका मेणात एकेक दात बसवायचे, घासायचे, चकाकी आणायचे. रस्त्यात कुणी हसून विचारपूस केली तर काकांना आधी दात ओळखू यायचे आणि मग माणूस. "वरचा सेट माझा आहे," असं ते काकूंच्या कानात पुटपुटायचे, आणि पुढे त्या माणसाशी गंभीर चेहऱ्याने बोलणं काकूंना जड जायचं.

किड्यांचं वेड निवृत्तीच्या आसपास लागलं. कामावरच्या एका मित्राने वाळलेल्या फेसाचा गोळा चिकटलेली एक काडी हौसेने आणून दिली. एका सकाळी त्या गोळ्यातून मुंगीएवढी पिल्लं बाहेर पडली आणि पडदाभर पसरली. काकू किंचाळून स्वयंपाकघरात गेल्या, काका चष्मा पुसून पडद्याजवळ गेले, आणि दोघांनी आपापली बाजू पुढे कधी सोडली नाही. शास्त्रात या प्राण्याला प्रार्थनाकीटक म्हणतात, कारण तो पुढचे दोन पाय जोडून बसतो. काकूंचं मत असं की तो प्रार्थना वगैरे काही करत नाही, जेवणाची वाट बघतो, आणि या बाबतीत तो घरातल्या दुसऱ्या पुरुषासारखाच आहे.

"सवत आणली ती आणली," त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, "तीही सहा पायांची."

पण बरण्यांच्या झाकणांना जाळी शिवून दिली ती काकूंनीच. काका उंच प्लॅस्टिकच्या बरण्या आणायचे. किडा जेवढा लांब, त्याच्या तिप्पट तरी बरणी उंच हवी, असं त्यांचं म्हणणं. झाकणाचा मधला भाग ते कापून काढायचे आणि तिथे काकू जाळी बसवायच्या, टाके इतके बारीक की चिलटसुद्धा निसटू नये. बरणीच्या अंगाला एक भोक, त्याला स्पंजचं बूच. चिमट्याने माशी धरायची, बूच काढायचं, माशी आत सोडायची, बूच लावायचं. काकू तोंडाने कुरकुर करत राहिल्या आणि हाताने शिवत राहिल्या. लग्नानंतर त्यांची बरीचशी कामं अशीच झाली होती.

हळूहळू खोलीत निरनिराळ्या जाती आल्या आणि काकांनी त्यांना घरगुती नावं ठेवली. वाळक्या पानासारखी दिसणारी ती भुतं. ती गरीब स्वभावाची, पोट भरलेलं असेल तर एका बरणीत चार-पाच सुखाने नांदायची. हिरवीगार, बोटापेक्षा लांब ती पहिलवानीण. तिच्याजवळ दुसरं कुणी ठेवायची सोय नाही. नवरा आणून दिला तर तीन दिवसांत त्याचे पंख तेवढे उरले. वाळवंटाकडचा एक भुरा होता, त्याला ऊब हवी आणि ओल अजिबात नको. आणि पांढरी, कडेला गुलाबी झाक असलेली, पायांना पाकळ्या फुटल्यासारखी दिसणारी ती नवरी. नवरीचे नखरे फार. हवेत दमटपणा हवा, पण हवा कोंडलेली चालत नाही. माशी उडती हवी, सरपटणारं काही तोंडाला लावणार नाही. तिच्यासाठी काका माशांचे कोश आइस्क्रीमच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणजे त्या आपल्याला हव्या तेव्हा बाहेर येतात. तो डबा एकदा काकूंच्या भावजयीने मोठ्या आशेने उघडला होता. ती त्यानंतर या घरात फक्त पाणी पिते.

काकूंना या सगळ्यातली एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे कात. हे किडे वाढतात ते कात टाकून. त्याआधी खाणं सोडतात, जाळीला पाय अडकवून उलटे लटकतात, मग पाठीवर चीर पडते आणि आतला नवा, ओला, मऊ किडा जुन्या सालीतून खाली सरकत येतो. तेवढा वेळ बरणी हलवायची नाही, पाणी फवारायचं नाही, आत जिवंत माशी ठेवायची नाही. तो खाली पडला तर पडला, मग वाकडा झालेला पाय पुन्हा सरळ होत नाही. मदत करायला गेलं तर हमखास मोडतो. अशा वेळी काका हाक मारायचे, "सरकार, या लवकर." काकू हातातलं काम टाकून जायच्या आणि दोघं शेजारी शेजारी बसून, काही न करता, बघत राहायची.

सरकार म्हणजे काकू. लग्न झाल्यापासून काका त्यांच्यासाठी हाच शब्द वापरत आले. "सरकारची परवानगी घ्यावी लागेल," "सरकार आज रागावलंय," अशी त्यांची भाषा. काकू वरवर वैतागायच्या. त्या शब्दावर आपलं किती काही उभं आहे हे त्यांना कळलं ते काकांची विस्मृती सुरू झाल्यावर.

सुरुवात कुठून झाली ते डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकूंनी सांगितलं, "माशांपासून." डॉक्टरांना काही उलगडलं नाही. पण खरं तेच होतं. आठवडाभर पुरणाऱ्या माशा दोन दिवसांत संपायला लागल्या. काकूंनी लक्ष ठेवलं. काका सकाळी सगळ्यांना खायला घालत, हात धुवत, चहा पीत, आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणत, "चला, किड्यांचं बघायचं राहिलंय." पाण्याचंही तेच. फवारा मारून यायचे आणि पुन्हा फवारा शोधायचे.

भुरा पहिला गेला. त्याच्या बरणीत ओल साचली, बुरशी धरली, आणि कोरड्या हवेतला तो जीव चार दिवसांत काळा पडला. काकांनी त्याला तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "याला पाणी कोणी मारलं? याला पाणी नसतं मारायचं." नियम सगळे पाठ होते. ते आपण पाळले की नाही, एवढंच आठवत नव्हतं.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी सांगितलं, छंद बंद करू नका, हात चालू राहू द्या, उगाच खोडून काढू नका. लांबच्या शहरात राहणारी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, देऊन टाक ते किडे कुणाला तरी. तू एकटी काय काय बघणार?"

"आणि मग ते दिवसभर करतील काय? भिंतीकडे बघत बसतील?"

"तुझी काळजी वाटते गं."

"मला अजून ओळखतात ते," काकू म्हणाल्या. "तोवर माझी काळजी करू नकोस."

हे त्यांनी मुलीला सांगितलं त्यापेक्षा जास्त स्वतःला सांगितलं. शेजारी राहणाऱ्या मास्तरांना काका विसरले होते. सख्ख्या भावाच्या फोटोकडे बघून "हे कोण गृहस्थ?" असं विचारून झालं होतं. एकदा तर आरशातल्या माणसाला त्यांनी "बसा" म्हटलं. पण रोज सकाळी डोळे उघडले की काकूंना बघून म्हणायचे, "सरकार, उठलात?" काकू रोज जीव मुठीत धरून तेवढ्या दोन शब्दांची वाट बघायच्या. ते ऐकले की मगच त्यांचे पाय जमिनीला लागायचे.

पहिलवानीण खाऊन खाऊन गेली. या प्राण्याला जेवढं जास्त खायला घालावं तेवढा तो भरभर वाढतो आणि भरभर म्हातारा होतो. तिचं पोट ताणून फुगलं होतं, पोटाच्या भाराने तिला जाळी धरवत नव्हती, तरी समोर माशी आली की तिचे हात झडप घालायचेच. काकूंनी माशा कपाटात लपवल्या. काका घरभर शोधत सुटले. स्वयंपाकघरातले डबे उघडे पडले, शिलाईची बटणं जमिनीवर सांडली. "उपाशी आहेत गं ती," ते म्हणायचे, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. शेवटी काकूच हात टेकायच्या आणि एक माशी काढून द्यायच्या. आपण एका जिवाचं मन राखण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेतोय हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

राहिली भुतं आणि नवरी. नवरी काकांनी पिल्लापासून वाढवलेली, आणि आता तिची शेवटची कात जवळ आली होती. या कातीत पंख फुटतात. पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगल्या, तिने खाणं सोडलं, आणि ती जाळीला उलटी टांगून बसली. आता तिच्या बरणीत माशी जाता कामा नये. कात टाकताना मऊ झालेल्या किड्याला साधी माशीसुद्धा त्रास देऊ शकते. काकूंनी विचार केला आणि त्यांना सुचलं ते त्यांनी केलं. पार्सलला लावतात तो रुंद चिकटपट्टीचा रोल आणला, आणि नवरीच्या बरणीचं बूच आणि झाकण दोन्ही गच्च बंद केलं. जाळी तेवढी मोकळी ठेवली. मनाशी म्हणाल्या, चला, निदान एवढी तरी वाचेल.

त्या दिवशी सकाळी काका छान होते. चिकटपट्टीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. खुर्ची ओढून नवरीसमोर बसले आणि म्हणाले, "सरकार, आज ना उद्या टाकणार बघ ही. पंख येतील. हात नाही लावायचा हं."

"मी कशाला लावू?" काकू म्हणाल्या.

दुपारी एक गिऱ्हाईक जॅकेटची चेन बदलून घ्यायला आलं होतं. काकू मशीनवर होत्या. आतून धप् धप् असा आवाज आला. काकूंनी तो आवाज ओळखला, कारण तो त्यांचाच होता. बरणीचं झाकण घट्ट बसलं की काकू बरणी उलटी धरून तळाला तळहाताने दोन-चार थापा मारायच्या, मग झाकण सुटायचं. आयुष्यभर स्वयंपाकघरात त्या हेच करत आल्या आणि काका ते बघत आले.

जॅकेट टाकून त्या धावल्या. काकांच्या डाव्या हातात बरणी उलटी होती आणि उजव्या हाताने ते तळावर थापा मारत होते. चेहरा घामाने निथळत होता. "उघडत नाही गं," ते म्हणाले. "कधीची उपाशी आहे."

काकूंनी बरणी काढून घेतली आणि सुलटी केली. नवरी अर्धी सालीतून बाहेर आली होती आणि अर्धी आत होती, आणि थापांनी सालीसकट निखळून आता बरणीच्या तळाशी पडली होती. दुधासारखी पांढरी, ओली. पुढचा एक पाय अंगाखाली मुडपला होता. ती हळूहळू उरलेला भाग सोडवायचा प्रयत्न करत होती, आणि खाली पडलेल्या किड्याला ते जमत नाही हे काकूंना काकांनीच शिकवलेलं होतं. करण्यासारखं काही नव्हतं. हात लावला तर मोडणार, न लावला तर वाकडीच वाळणार. पॅसेजमधून गिऱ्हाईक विचारत होतं की उद्या येऊ का. काकूंनी "या" म्हटलं असावं, कारण दार लागल्याचा आवाज आला.

मग काका वाकले आणि त्यांनी बरणीत बघितलं. आणि त्यांना कळलं. सकाळचा चहा आठवत नसलेल्या त्या माणसाला, कातीतून पडलेला किडा म्हणजे काय, हे पुरतं ठाऊक होतं. त्यांचा चेहरा पडला. काकूंनी त्यांचा असा चेहरा त्यांची आई गेली त्या दिवशी बघितला होता.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

काकूंना क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही. काकांच्या त्या हातांनी जन्मभर कुणाला ओरखडा काढला नव्हता. त्यांच्यावर हे कसं घालायचं?

"मी," काकू म्हणाल्या. "माझ्या हातून पडली बरणी."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "हात लावायचा नाही म्हटलं होतं."

"चुकलं माझं."

काकूंना वाटलं, चहापर्यंत विसरतील. भुरा विसरले, पहिलवानीण विसरले, सख्खा भाऊ विसरले. या विसरण्याने त्यांना एवढं रडवलं होतं, तर एकदा तरी ते उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी खरंच चहा टाकला.

काका चहा विसरले, ती दुपार विसरले, नवरीचं पुढे काय झालं तेही विसरले. ती काही दिवस जगली. पंख चुरगळलेले, पाय वाकडा, स्वतःला शिकार धरता येईना. ज्या काकूंनी कधी चिमट्याला बोट लावलं नव्हतं त्या माशी फोडून चिमट्याने तिच्या तोंडाशी धरायच्या, बारीक ब्रशने पाण्याचा थेंब द्यायच्या. एका सकाळी तिने ब्रशकडे मान वळवली नाही. काकूंनी बरणी धुऊन उन्हात ठेवली. काकांनी बरणीबद्दल विचारलंसुद्धा नाही. पण काकू खोलीत आल्या की ते उठून बरण्यांसमोर उभे राहायला लागले.

आधी काकूंना कळेना. मग एकदा त्या भुतांच्या बरणीतली घाण काढायला गेल्या तेव्हा काकांनी त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही. "नको," म्हणाले. "तुम्ही नको."

सरकार म्हणताना "उठलात" यायचं ते थट्टेने; हे "तुम्ही" परक्या बाईला म्हणतात तसलं होतं. सकाळचं "सरकार, उठलात?" त्या दिवसापासून कमी कमी होत गेलं. एखाद्या दिवशी यायचं, एखाद्या दिवशी काका नुसतेच सावधपणे बघायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, प्रसंग पुसला जातो आणि त्यातलं एखादं वाक्य आणि धास्ती तेवढी मागे राहते. सांगताना त्यांनी पेन बंद केलं, म्हणजे या बाबतीत लिहून देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

मुलगी रजा काढून आली. काकांनी तिलाही ओळखलं नाही, पण तिच्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तिला जवळ बसवून ते हलक्या आवाजात म्हणाले, "ती बाई आहे ना, शिवणकाम करते ती. तिला इथे येऊ देऊ नका. तिने नवरीला पाडलं." काकू दारातच होत्या.

मुलगी स्वयंपाकघरात येऊन रडली आणि मग चिडली. "तू खरं का नाही सांगत त्यांना? तुझी चूक नसताना हे का सोसायचं?"

"सांगून काय होणार?"

"सांगून तरी बघ."

काकूंनी सांगून बघितलं. स्वतःसाठी जन्मात एकदा काही मागावं तसं, घाबरत घाबरत. काकांच्या समोर बसल्या, त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "अहो, बरणी मी नव्हती पाडली. तुम्ही उलटी केलीत. झाकण उघडत नव्हतं म्हणून. तुमचा काही दोष नाही त्यात."

काकांना त्यातलं सगळं समजलं. त्यांनी आपले हात सोडवून घेतले, पालथे केले, उताणे केले, आणि ते रडायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मुलगी दारात उभी होती ती तोंड फिरवून निघून गेली. काकूंनी त्यांना कुशीत घेतलं आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "नाही हो, नाही, मीच पाडली. मीच."

डोळे पुसून झाले तेव्हा आपण का रडलो ते काकांना आठवत नव्हतं. काकूंकडे बघून ते जरासे मागे सरकले. खरं सांगितलेलं टिकलं नाही. खोटं तेवढं घट्ट बसलं होतं, आणि ते काढायचा काही मार्ग नव्हता.

मुलीची रजा संपली, ती गेली. आता खोलीत फक्त भुतांची बरणी आहे. भुतंही म्हातारी झालीत, वाळक्या पानांमधलं खरं पान कुठलं आणि भूत कुठलं ते हललं तरच कळतं. काकू सकाळी माशांचा डबा घेऊन दारापर्यंत जातात आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघून आत पाऊल टाकायचं की नाही ते ठरवतात.

परवा काका बरणीसमोर खुर्ची टाकून बसले होते. काकूंना बघून उठले आणि अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर बसा. घरचं माणूस बाहेर गेलंय. ती आली की घालेल माशा. तिला सगळं माहीत आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या डबा घेऊन मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या. डब्यात माशा झाकणाला टकरा देत होत्या. शिवायला काम पुष्कळ होतं, पण त्यांनी मशीनला हात लावला नाही.

थोड्या वेळाने आतून काकांनी विचारलं, "आली का सरकार?"

"अजून नाही," काकू म्हणाल्या.

"येईल," काका आतून म्हणाले. परक्या बाईचा आवाज जड झालेला त्यांना जाणवला असावा, कारण ते जरा थांबून समजुतीने पुढे म्हणाले, "उशीर करते कधीकधी, पण येते. तुम्ही बसा."